पास्टरांच्या तेलाची साक्ष

घानातल्या कुमासी शहरातली मानसशास्त्रज्ञ सेरवा इस्पितळातली नोकरी सोडून चर्चच्या आवारात लोकांवर फुकट उपचार करत बसायची. हीच देवाची सेवा, म्हणायची. मूल गेल्यावर मुकी झालेल्या अबेनापाशी वर्षभर बसून तिनं तिला बोलतं केलं. रविवारी सगळ्यांपुढे साक्ष द्यायला उभी राहून अबेना म्हणाली, “पास्टरांच्या तेलानं बरी झाले!” पास्टर प्रार्थना करून कपाळाला लावायचे ते तेल कसलं, बाजारातलं खोबरेल! तरी सेरवानंही टाळ्या वाजवल्या.

अबेनानं सेरवाकडे येणं सोडलं आणि तिची वाचा पुन्हा गेली. पास्टर भर प्रार्थनेत कडाडले, “पोरीची श्रद्धा या सेरवानंच पोखरली!”

“आमेन!” अबेनाची आई सगळ्यांत मोठ्यानं ओरडली.

प्रार्थना सुटल्यावर तीच आई फाटकापाशी सेरवाच्या कानात कुजबुजली, “आँटी, सोमवारी पोरीला तुमच्या घरी आणते. मागच्या दारानं हं, लोक बघतात.”