मागच्या सीटवरची वाळू

गिरिजाबाईंचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: स्वतःच्या डोळ्यांवर आणि स्वतःच्या नाकावर. दुधाची पिशवी त्या आधी दाबून बघत, मग उजेडात धरून बघत. वॉचमन गावी गेला म्हटलं, तर तो खरंच गावी गेलाय की पलीकडच्या बिल्डिंगमध्ये जास्त पगारावर लागलाय, हे त्या संध्याकाळच्या फेरीत बघून येत. मिरा रोडला नया नगरच्या मागच्या बाजूला असलेल्या त्यांच्या सोसायटीत सेक्रेटरीसुद्धा त्यांना वचकून असे. दुर्दैवाने त्यांचे अंदाज बऱ्याचदा खरे ठरत, त्यामुळे ही सवय दरवर्षी वाढतच गेली.

नवरा मात्र आजवर या चौकशीतून सुटला होता, कारण पंढरीनाथांमध्ये संशय घेण्यासारखं काही नव्हतंच. विमा कंपनीतली नोकरी, मग निवृत्ती, सकाळी पेपर, दुपारी झोप. एक येझदी मोटरसायकल तेवढी होती, लग्नाच्या आधी घेतलेली. तिला ते रोज पुसत, दर रविवारी एक चक्कर मारत आणि परत आणून कव्हर घालून ठेवत. गिरिजाबाई त्या गाडीला 'सवत' म्हणत. आधी हे थट्टेत होतं, नंतर थट्टा उरली नाही.

त्याला कारण होतं. तीसेक वर्षांपूर्वी, परळची खोली सोडून ते मिरा रोडला नवे नवे राहायला आले, तेव्हाची गोष्ट. ऑफिसातली चार जोडपी मिळून उत्तनला समुद्रावर निघाली. बाकीच्यांच्या स्कूटरी वाटेतल्या डोंगरी गावचा चढ सुरसुर चढून गेल्या आणि येझदी मध्येच धापा टाकायला लागली. एक आचका दिला, दुसरा दिला, बंद. पंढरीनाथ मागे न बघताच म्हणाले, "उतर गं जरा. लोड जास्त झालाय." वरून मित्र बघत होते, त्यांच्या बायका बघत होत्या. कुणीतरी हसलं. पंढरीनाथही हसले, आणि एकटेच गाडी घेऊन वर गेले. गिरिजाबाई नवीन साडीत, उन्हात, तो चढ चालत चढल्या. त्यानंतर त्या येझदीवर कधी बसल्या नाहीत. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि पंढरीनाथांनी विचारलंही नाही.

आणि आता, सहासष्टाव्या वर्षी, हा माणूस बदलायला लागला होता.

सुरुवात झाली ती एका विचित्र प्रश्नाने. भाजी निवडत असताना पंढरीनाथांनी सहज म्हणून विचारलं, "तुझं वजन किती गं आता?"

गिरिजाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. "का?"

"नाही, डॉक्टर म्हणत होते, घरातल्या सगळ्यांची वजनं माहीत असावीत."

असं कुठलाही डॉक्टर म्हणत नाही. तरी त्यांनी वजन सांगितलं, अर्थात पाच-सहा किलो खिशात घालून. बाईमाणसाने खरं वजन सांगायचं तर समोर काटा असावा लागतो.

मग रविवारची चक्कर आठवड्यातून तीनदा व्हायला लागली. "कुठे निघालात?" म्हटलं की "बॉस्कोकडे, डोंगरीला. गाडीचं थोडं काम करतोय." बॉस्को हा त्यांचा जुना मेकॅनिक. पण गाडीचं काम करायला जाणारा माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जातो का? परत येताना पिशवीत कधी ताजे बोंबील, कधी घरच्या झाडाची केळी. "पर्लने दिली," असं ते सांगत. पर्ल म्हणजे बॉस्कोची बहीण. नवरा वारल्यावर ती भावाकडेच राहायला आली होती. केळी गोड होती. गिरिजाबाईंनी ती वॉचमनला देऊन टाकली.

एका दुपारी पंढरीनाथ झोपले असताना त्या खाली उतरल्या आणि गाडीचं कव्हर वर केलं. मागच्या सीटच्या शिवणीत वाळू होती. पुढच्या सीटवर कण नाही, फक्त मागे. आदल्या दिवशी धुवायला टाकलेल्या शर्टाच्याही पाठीवरच वाळू होती, हे त्यांना तेव्हा आठवलं. समुद्रावर बसून आलेलं कुणीतरी गाडीवर मागे बसलं होतं, आणि तेही चांगलं टेकून. गिरिजाबाई कव्हर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. या वयात असला संशय घ्यायची त्यांना लाज वाटली, तरी त्यांनी शिवणीतली वाळू पुन्हा एकदा बोटाने चाचपून बघितली.

पुरावा मिळाला बाल्कनीत, कांद्याच्या टोपलीखाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तेलकट, दाते असलेलं एक लोखंडी चाक. जुन्या गाड्यांचे मालक काढलेला पार्ट मेकॅनिककडे कधी ठेवत नाहीत. भंगार असलं तरी घरी आणतात, आणि बायकांपासून लपवतात. गिरिजाबाईंनी ते उचलून वरच्या मजल्यावरच्या निकेतकडे नेलं. निकेत आयटीत होता आणि शनिवार-रविवार बाईकवर लडाखच्या गोष्टी करत फिरायचा.

"अरे वा, येझदीचं फ्रंट स्प्रॉकेट!" निकेत खूश झाला. "काकू, हे इंजिनच्या बाजूला असतं. यावरून चेन मागच्या चाकाला जाते."

"ते कशाला काढलं असेल?"

"काकांनी याच्या जागी लहान लावलं असणार. पुढचा एक दात जरी कमी केला ना, तर गाडीचा टॉप स्पीड जातो, पण ओढायची ताकद वाढते. चढावर लोड खेचायला करतात लोक." मग त्याने निरागसपणे विचारलं, "काका डबलसीट जातात का हल्ली?"

लोड. तोच शब्द. गिरिजाबाई चाक घेऊन खाली आल्या. आता त्यांच्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही. बायकोसाठी जी गाडी तीस वर्षांत चढली नाही, ती दुसऱ्या कुणासाठी चढावी म्हणून या माणसाने तिचे दाते बदलून घेतले होते!

पुढच्या शनिवारी पंढरीनाथ निघाले आणि थोड्या वेळाने गिरिजाबाईही निघाल्या. भाईंदर वेस्टपर्यंत रिक्षा, तिथून उत्तनची बस. पर्समध्ये ते तेलकट चाक प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेतलं होतं. पर्लला काय बोलायचं, नवऱ्याला काय बोलायचं, हे त्यांनी बसमध्ये मनातल्या मनात बोलून बघितलं. पर्लला बोलायचं सगळं नीट जमलं. नवऱ्याला बोलायचं मात्र पहिल्याच वाक्यापुढे सरकेना, तेव्हा त्या खिडकीबाहेर मिठागरं बघत, हे सगळं खोटं निघू दे, असं मनात म्हणत बसल्या.

डोंगरीला उतरून त्या चढाकडे वळल्या आणि मागूनच येझदीचा आवाज आला. फट-फट करत गाडी खालून वर येत होती. गिरिजाबाई एका कुंपणाआड सरकल्या. पुढे पंढरीनाथ, ताठ, इस्त्रीच्या शर्टात. मागे कुणीतरी होतं, त्यांच्या पाठीला चिकटून.

गाडी जवळून गेली. मागच्या सीटवर सिमेंटची जुनी गोणी होती, वाळूने भरलेली, तोंड शिवलेली आणि दोरीने पंढरीनाथांच्या कमरेशीच आवळून बांधलेली.

गाडी न थांबता चढ चढून गेली. वर बॉस्कोने हात उंचावून आरोळी ठोकली. शेजारी पर्ल उभी होती, हातात पाण्याची बाटली घेऊन. चांगली सत्तरीची, कमरेत वाकलेली बाई होती ती.

गिरिजाबाई कुंपणाआडून बाहेर आल्या आणि चढ चढायला लागल्या. वर पोहोचेपर्यंत पंढरीनाथांनी त्यांना पाहिलं होतं, पण गोणी कमरेला बांधलेली असल्यामुळे त्यांना गाडीवरून उतरता येईना.

"हे काय चाललंय?" गिरिजाबाईंनी विचारलं.

पंढरीनाथ ओशाळले. "तुझ्या वजनाची आहे. म्हणजे तू सांगितलेल्या. आपण दोघं समुद्रावर जाऊ म्हटलं एकदा. पण तू येशील याची खात्री नव्हती, आणि गाडी चढेल याचीही नव्हती. म्हणून आधी गोणी चढवून बघत होतो."

बॉस्को दोरी सोडत हसला. "वैनी, धा वेळा चढवली आमी. पयल्यांदा कंपनीच्या मापाचं चाक लावलं, तर अर्ध्यात बसली. इंजिन म्हातारं झालं हाय. मग पुढचा अजून एक दात कमी केला. आता बघा, बकरीवानी चढते."

गिरिजाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला होता. आता त्यांना हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि आपण पाच-सहा किलो लपवले ते कसं सांगावं, ही पंचाईत वेगळीच. बॉस्कोने गोणी उतरवली आणि पंढरीनाथांनी मागची सीट झटकून तिच्यावर बसायची खूण केली. पण बसायच्या आधी डोंगरीच्या त्या चढाची जुनी भीती वर आलीच.

"नको बाई," त्या म्हणाल्या. "ही गोणी माझ्यापेक्षा हलकी आहे. आणि तेव्हा तर मी आताच्या निम्मी होते, तरी गाडी माझ्यामुळे बंद पडली होती."

"तवा? तुमच्यामुळं?" बॉस्कोने मान हलवली. "न्हाय वो वैनी. तवा पुढं ते मोठं चाक होतं ना."

"कुठलं मोठं? हे?"

गिरिजाबाईंनी पर्स उघडून पिशवीतलं चाक काढलं. बॉस्कोने ते ओळखीच्या माणसाला घ्यावं तसं हातात घेतलं.

"हेच. आमच्या पप्पांनी बसवलेलं. पंढरीनेच सांगितलं व्हतं, हायवेला गाडी पळाया पायजे, दोस्तांच्या म्होरं जायाचं हाय. पप्पा बोलले, मोठं लावशील तर पळंल, पण चढावर दोघांना न्हाय ओढणार. पोरगी पण मागं बसली तरी बंद पडंल. मी तवा बाजूलाच व्हतो."

"कधी बसवलं?" गिरिजाबाईंनी विचारलं. प्रश्न बॉस्कोला होता, पण त्या बघत होत्या पंढरीनाथांकडे.

पंढरीनाथांनी गोणीच्या शिवणीतून सांडणारी वाळू पायाने बाजूला सारली. "त्या सहलीच्या आधीच्या आठवड्यात," ते म्हणाले.

पर्लला काहीतरी कळलं असावं. तिने पाण्याची बाटली गिरिजाबाईंच्या हातात दिली आणि घरात निघून गेली. बॉस्कोलाही आता कळलं, की आपण नको ते बोललो. तो चाक फडक्याने पुसायला लागला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"सगळे बघत होते गं. मी हौसेने गाडीची वाट लावली, हे सांगायची लाज वाटली. मला वाटलं, तू दोन दिवसांनी विसरशील."

नवऱ्यावर घेतलेला संशय खोटा ठरावा म्हणून बसमध्ये त्यांनी मनातून किती विनवण्या केल्या होत्या. तो खोटा ठरला, आणि कधीच न घेतलेला संशय खरा निघाला. दुधाच्या पिशवीपासून वॉचमनपर्यंत साऱ्या जगाची झडती घेणाऱ्या बाईने स्वतःच्या वजनावर ठेवलेला आरोप मात्र एकदाही तपासून बघितला नव्हता.

"तुला राग आलाय," पंढरीनाथ म्हणाले. "येणारच. पण एक बोलू? तू कधी म्हणाली नाहीस. घरात सगळं नीट चाललं होतं. तुला त्याचा एवढा त्रास झाला असेल असं मला कधी वाटलंच नाही."

"त्या सहलीपासून रात्री मी काय जेवते?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"रात्री. माझ्या ताटात काय असतं?"

पंढरीनाथ गोंधळले. "भाकरी. भाजी. तुला रात्रीचा भात आवडत नाही ना."

"आवडतो," गिरिजाबाई म्हणाल्या. "मला भात फार आवडतो हो."