साडूंनी अडवून ठेवलेलं प्रकरण

जगभरच्या शास्त्रज्ञांना दिग्रसचे रहिवासी करून सोडणारा लेखक मी एकच पाहिला, आणि ते नेमके माझे साडू निघाले. विज्ञानाचा इतिहास ते गोष्टीरूपानं लिहीत, पण त्यात शास्त्रज्ञांची नावं शोधूनही सापडत नसत. "नावं परीक्षेले लागते, गोष्टीले मानूस लागते," असं त्यांचं म्हणणं. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारा त्यांच्या पुस्तकात 'इटलीवाले मामा' झाला. म्हातारपणी मामांना घरात कोंडलं, हे वाचून माझी बायको दोन घास कमी जेवली. शेवटी मामांना सोडवा, ही तिची विनंती मात्र साडूंनी साफ फेटाळली. इतिहासात ते चिमूटभर साखर घालू देत नसत.

प्रत्येक प्रकरण छापायला देण्याआधी ते जिनिंग कारखान्याच्या आवारात वाचून दाखवत. कापसाच्या बैलबंड्या वजनकाट्यासाठी खोळंबलेल्या असत आणि माणसांना जायला दुसरी जागा नसे. ऐकणारा जिथं बिडी ओढायला उठेल, तिथला मजकूर साडू जागच्या जागी खोडत. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत लोक बिड्या फार ओढू लागले आणि साडूंची पुस्तकं पातळ झाली.

अशाच एका वर्षी त्यांनी हात धुवा म्हणणाऱ्या डॉक्टरची गोष्ट वाचली. बाळंतिणी वाचवायचा एवढा साधा उपाय त्यानं सांगितला आणि बाकीचे डॉक्टर त्याला हसले. ऐकणाऱ्यांपैकी कोणी बिडीला उठलं नाही. समोर दारव्ह्याकडचे एक म्हातारे काका बसले होते. गाव नुसता कापूस लावत असताना हे कापसाच्या मधल्या ओळींत तूर-ज्वारी पेरत, एकाच पिकावर भिस्त ठेवू नका म्हणून सांगत फिरत, आणि गाव त्यांना येडा म्हणे. त्यांनी विचारलं, "मंग त्याले मानलं का लोकायनं?"

हातातल्या कागदावर लिहिलं होतं, मेल्यावर मानलं. साडू म्हणाले, "मानलं. जिवंतपनीच मानलं."

त्या दिवसापासून प्रकरण अडलं. खरं छापावं तर काका वाचतील, खोटं छापायला हात धजेना. पुण्याचा प्रकाशक फोन करून थकला.

पुढच्या हंगामात प्रकरण अडल्याचं ऐकून काकाच साडूंच्या घरी आले. मी तिथंच होतो. "सर, थे डॉक्टरचं छापून टाका," ते म्हणाले. "तो मेल्यावरच मानला गेला, मले तवाच समजलं."

"मंग बोलले काहून नाही?" साडूंनी विचारलं.

"तुमी लय जीव लावून सांगून राह्यले होते."

साडू चहा त्यांच्यापुढं सरकवत म्हणाले, "काका, मी मानतो तुमाले." काकांनी मान हलवली आणि चहा बशीत ओतला.

प्रकरण खरं तसंच छापलं गेलं. पुढं काका वारले. त्यांच्या गावात हल्ली पुष्कळ जण कापसात तूर लावतात, काका बरोबर बोलत होते असंही म्हणतात. हे सांगायला मी मोठ्या उत्साहानं साडूंकडे गेलो, तर ते माझ्यावरच रागावले.

"मेल्यावर कायले? म्या आधीच मानलं होतं," म्हणाले, आणि डोळे पुसत आत गेले.