टांगलेला डबा

आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे एक सर जेवणाचा डबा कधी सरळ टेबलावर ठेवत नसत. गुडघ्यातल्या झिजलेल्या कूर्चेच्या जागी बसवता येईल असं जेल त्यांना बनवायचं होतं. ते पाणीदार हवं, चिवट हवं आणि तुटलं तरी आपोआप जुळायला हवं. रोज सकाळी ते जेलची पट्टी ब्लेडने कापत, दोन्ही टोकं एकमेकांना लावून ठेवत आणि दुपारी त्याच पट्टीला आपला डबा टांगत. रोज डबा खाली पडे आणि लाखोळीचं वरण फरशीभर होई.

"सर, दगड टांगा ना," मी एकदा म्हटलं.

"दगड पडला त मले काय वाटते, बाई? पोटाले समजलं पायजे!"

मग शिट्टी वाजवत ते फरशी पुसत आणि आम्हा विद्यार्थ्यांच्या डब्यांतून जेवत.

एका दुपारी पट्टी ताणली, लांबली, आणि डबा टांगलेलाच राहिला. सर टेबलाभोवती नाचायला लागले, मग आम्हीही नाचलो.

"आता काढा अन् जेवा," मी धापा टाकत म्हटलं.

"हात नका लावू कोणी! धरून राह्यली ना ते पट्टी!"

आणि खदखदा हसत त्यांनी माझ्याच डब्यातला भात पुढ्यात ओढला.