मोठ्या अक्षरांचं पान

आमची इमारत कोपर स्टेशनच्या पश्चिमेला, चार मजली, तळमजला धरून वीस घरांची. मी पहिल्या मजल्यावर एकटी राहते. शाळा चौथीपर्यंत झाली, पण वाचता येतं, आणि सोसायटीची नोटीस मी कधी दुसऱ्याकडून वाचून घेतली नाही. पूर्वी ती जिन्याखालच्या फळ्यावर लागायची. मागच्या वर्षी सेक्रेटरीने सोसायटीची वेबसाइट काढली आणि फळा उतरवला.

वेबसाइटवर प्रत्येक घराला एक पान. सेक्रेटरी रिटायर झालेला माणूस, वेळ भरपूर. दारोदार फिरून ज्याचं त्याचं पान बसवून देत होता. कुणाला वर गणपती हवा, कुणाला पार्किंगचा तक्ता. माझ्याकडे आला आणि माझा फोन हातात घेऊन बसला.

"मावशी, तुम्हाला अक्षर मोठं करून देतो. बाकीचा पसारा काढतो. वर नोटीस, खाली एक बटण, बस."

"बटण कशाला?"

"तुम्ही वाचलंत हे आम्हाला कळायला."

बटण हिरवं होतं. त्यावर लिहिलेलं, हरकत नाही. हे तर आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. दूधवाला उशिरा आला, हरकत नाही. पाहुणा जेवायला थांबत नाही, हरकत नाही. त्या शब्दांना काही वजन असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

टाकी धुणार, दाबलं. गुरुवारी पाणी नाही, दाबलं. गच्चीवर वाळवण घालू नये, याला माझी चांगलीच हरकत होती, तरी दाबलं, कारण त्याशिवाय पुढची नोटीस दिसत नसे.

मग एक लांबलचक नोटीस आली. इमारत जुनी झाली आहे, अशी सुरुवात. ते मला ठाऊकच होतं. अक्षर मोठं, त्यामुळे बोटाने वर सरकवत राहिलं तरी संपेना. कुकर लावलेला होता. तीन शिट्ट्या झाल्या, मी दाबलं आणि उठले. चूक माझी.

संध्याकाळी तळमजल्यावरची शिक्षिका जिन्यात भेटली. "आजी, तुम्ही काय दाबलंत?"

"जे आहे ते. हिरवं."

तिने आपलं पान दाखवलं. बारीक अक्षर, सगळं एका नजरेत. इमारत पाडणार, तीन वर्षं बाहेर राहायचं, मग त्याच जागी टॉवर. खाली दोन बटणं, एक हिरवं, एक तांबडं. तांबड्यावर हरकत आहे असं होतं आणि तिने तेच दाबलेलं. माझा फोन घेऊन तिने पान दोनदा वरखाली केलं. "आजी, तुमच्याकडे तांबडं बटण नाहीच."

मी तशीच सेक्रेटरीकडे गेले. "माझं तांबडं बटण कुठे आहे?"

"मावशी, दोन बटणं असली की वयस्कर माणसांचा गोंधळ होतो."

"माझा एकाच बटणाने झाला. परत कसं घ्यायचं?"

"तशी सोय तुमच्या पानावर नाही."

"पान तुम्हीच बसवलंत ना? मग सोयही बसवा."

"बघतो," म्हणाला, आणि हसत दार लावून घेतलं.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढून मी टॉवरमध्ये राहायला येणारी नाही. हे मला कळतं, तसं सेक्रेटरीलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी विचारत फिरले. मोठं अक्षर सात घरांना होतं. सातही घरी एकटी म्हातारी माणसं. माझ्यासकट सहा जणांनी दाबलेलं. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "अगं, एवढं घरी येऊन करून दिलं बिचाऱ्याने. त्याला बरं वाटावं म्हणून दाबते मी."

सातवे चौथ्या मजल्यावरचे काका. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत. मुलीचा फोन आला की उचलायचा, तेवढंच त्यांना येतं. मी त्यांचं पान उघडलं. तिथलं बटण फिकं पडलं होतं, म्हणजे दाबून झालेलं.

"काका, फोन कुणाकडे दिला होता?"

"सेक्रेटरी घेऊन गेलेले. अक्षर मोठं करायला."

"तुम्हाला दिसत नाही, अक्षर मोठं कशाला?"

"मीपण तेच विचारलं. म्हणाले, असू दे." मग त्यांनी विचारलं, "मी काय म्हटलंय त्यात?"

मी सांगितलं. ते खुर्चीचा हात चाचपत बसले.

रेघांच्या कागदावर मी हरकत आहे असे दोन अर्ज लिहिले, एक माझा, एक त्यांचा. सही कुठे करायची ते त्यांचं बोट धरून दाखवलं. सेक्रेटरीने दार उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता. अर्ज दाराखालून सरकवले.

सोमवारी सकाळी बिल्डरची दोन माणसं टेप घेऊन जिना मोजत आली. एकाने माझ्या चौकटीवर खडूने आकडा लिहिला. मी ओलं फडकं आणून पुसला.

"आजी, पुसून काय होणार," तो मोबाइल दाखवत म्हणाला. "आमच्याकडे यात आहे."

ते वर गेले. मी दार लोटलं आणि पुन्हा अर्ज लिहायला बसले. या खेपेला शिक्षिकेला सांगून तो महापालिकेत न्यायचा आहे.