वस्त्रशास्त्राच्या बिराजदार मॅडम

बिराजदार मॅडम बोलता बोलता समोरच्या माणसाच्या अंगावरचं कापड चिमटीत धरत. बाई असेल तर पदर किंवा ओढणी, पुरुष असेल तर शर्टाची बाही. गप्पा चालू असायच्या, चिमटीतलं कापड अंगठ्याखाली जरा फिरायचं, आणि मग ते सोडून मॅडम विचारायच्या, "काय बोलून विकलं तुमाला हे?" केवढ्याला घेतलं, कुठून घेतलं, हे सगळं सोलापूर विचारतं. विकणारा काय बोलला हे विचारणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. माझे पप्पा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला. नवा शर्ट घालून ते जिन्यात उभे होते तेव्हा त्यांची बाही पहिल्यांदा पकडली गेली. आधी ते दचकले, मग आठवून म्हणाले, "इस्त्री लागत न्हाई म्हणला." मॅडम म्हणाल्या, "बघा. कापड न्हाई विकलं त्यानं. तुमचा कंटाळा वळखला."

मॅडम आमच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि एका ज्युनिअर कॉलेजात वस्त्रशास्त्र शिकवायच्या. आर्ट्सला हा एक विषय असतो हे मलाही त्यांच्यामुळेच कळलं. धागा कशाचा, वीण कसली, रंग का उतरतो, असलं सगळं त्यात असतं. चादरी आणि टॉवेलांच्या आमच्या गावात हा विषय घ्यायला मुली मिळत नव्हत्या. ज्यांच्या घरी माग होते त्यांचे कान मागाच्या खडखडाटाला विटलेले, आणि ज्यांच्या घरी नव्हते त्यांना सायन्स पाहिजे होतं. वर्गात दोन-तीन डोकी असायची. मॅडम मात्र साठ मुलींपुढे उभ्या असल्यासारख्या खड्या आवाजात शिकवत. एवढं ओरडून का शिकवता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "शेजारच्या वर्गातल्या पोरींना ऐकू जाऊ दे की. पुढल्या वर्षी एखादी येईल."

मॅडमचं माहेर अक्कलकोटच्या पुढे, घरात कानडी आणि शाळेत मराठी. मुलींना त्या 'अव्वा' म्हणत. कानडीत आईला म्हणतात आणि लाडानं लेकीलाही. लग्न होऊन त्या वर्षभर नांदल्या आणि परत आल्या. का आल्या ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे आमच्या गल्लीनं आपापल्या सोयीची चार कारणं तयार केली होती. आईवडील गेलेले. भाऊ दिवाळीला फोन करायचा. संध्याकाळी वरून भांड्यांचा आवाज आला नाही की आई मला म्हणायची, "जाऊन ये गं वर, जेवल्या का बघ." मी गेले की मॅडम खिडकीशी खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. "भूक न्हाई लागली अव्वा. एकटीसाठी चूल पेटवायला बी कंटाळा येतो," म्हणायच्या, आणि मग माझ्या निमित्तानं कडक भाकरीचा तुकडा नि शेंगाचटणी काढायच्या.

गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की बस्त्याला मॅडम पाहिजेतच. लग्नाची सगळी कापडं एका बैठकीत घ्यायची म्हणजे दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं, मानपान, रुसवे आणि मध्ये बसलेला थकलेला दुकानदार. मॅडम कोपऱ्यात भिंतीला टेकून बसत आणि साड्यांकडे न बघता बायकांकडे बघत. माझ्या चुलतबहिणीच्या बस्त्याला मी त्यांच्या शेजारी होते. दुकानातल्या माणसानं एक मोरपंखी साडी दोनदा उलगडली, कुणी हात लावला नाही. तिसऱ्यांदा तीच साडी टाकताना तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "हीच काल एका डॉक्टरीणबाईंनी नेली, सुनेला." वरमाय, वरमायची बहीण आणि माझी काकू, तिघींचे हात एकदम साडीवर पडले. मॅडमनी मला कोपरानं ढोसलं. "बघितलंस? साडी तीच हाय. बाई बदलली आतली."

त्या दिवशी मला काहीतरी झालं. घरी येताना रिक्षात मी विचारलं, "मॅडम, याचं शिक्षण असतं का?" तेव्हा मी दहावीत होते आणि शिक्षण म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर आणि एमपीएससी एवढंच मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "असतंय की. कापड करणं येगळं आन् कापडाबद्दल बोलणं येगळं. दोन्हीची कॉलेजं हायत. बोलायच्या कॉलेजाला फॅशन कम्युनिकेशन म्हणतात. तू पयली सोलापूरकर न्हवंस, पर लई जणी बी न्हाईत." बोलायची हौस मला जन्मजात, आणि तिचं कॉलेज असतं हे ऐकून मला हसूच आलं.

बस्त्याला मान असलेल्या या बाईंना हळदीला मात्र कुणी आग्रहानं बोलवत नसे. नांदून परत आलेली बाई नवरीच्या अंगाला हळद कशी लावणार, असा न बोललेला हिशेब. मॅडमनी बोलवायची वेळच येऊ दिली नव्हती. "हळदीच्या दिवशी माझं डोकं दुखतंय," त्या म्हणत, "दरसाली, दर लग्नाला." चुलतबहिणीच्या हळदीला खाली मांडवात बायका हसत होत्या, वर मॅडमच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मला तेव्हा फार राग आला. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या रागाला मांडवात कोण विचारतं?

दहावीला मला बरे मार्क पडले आणि तिथेच घोटाळा झाला. कमी पडले असते तर आर्ट्स निमूट मिळालं असतं. पप्पांच्या वर्कशॉपमधले सगळे, मामा, समोरचे निवृत्त मास्तर, सगळ्यांचं एकच म्हणणं, "सायन्स घ्या. सायन्स घेतलं की पुढं कुटंबी जाता येतं." पप्पा हे वाक्य घेऊन वर गेले. मॅडमनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "कुटंबी जाता येतं म्हणून स्टँडवरच बसून ऱ्हायलेली पोरं लई बघितली मी. सगळ्या गाड्या त्यांच्याच, आन् चढत एकीत बी न्हाईत. हिला कुटं जायचंय ते हिला म्हाईत हाय. तिकीट काढून द्या." पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कामावर जाताना चपला घालत म्हणाले, "घे आर्ट्स. पर रडत आलीस तर ऐकायचा न्हाई."

आता विषय. माझ्या मनात शंकाच नव्हती. फॅशनला जायचं तर वस्त्रशास्त्र, आणि वस्त्रशास्त्र म्हणजे आमच्या मॅडम. कॉलेजच्या वेळापत्रकात मात्र एक पेच होता. वस्त्रशास्त्र आणि मानसशास्त्र एकाच तासाला. दोन्हींतलं एकच घेता यायचं. मी विचारायला म्हणून नाही, खरं तर मॅडमना आनंदाची बातमी द्यायला म्हणून त्यांच्या वर्गावर गेले. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला ती खोली. आत टेबलावर स्पिरिटचा दिवा, आणि मॅडम एकट्याच सुताचे धागे चिमट्यात धरून जाळत होत्या. सूत जळलं की कागदाचा वास येतो, रेशीम जळलं की केसाचा. नवीन वर्षाच्या पहिल्या धड्याची त्यांची तयारी चालली होती.

"मी तुमचा विषय घेतेय," मी म्हटलं. त्यांनी दिवा विझवला. बातमी ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, आता जवळ घेतात. पण त्या बाकावर बसल्या आणि मलाही बसायला सांगितलं.

"एक आधीच सांगते, म्हंजे मागनं दुसऱ्याकडनं कळायला नको. औंदा दोघीच आल्यात. आनखी एक आली तर वर्ग चालू ठेवतो, न्हाईतर बंद, असं संस्थेनं सांगितलंय. तू आलीस तर माझा वर्ग ऱ्हातो."

"मग मी आलेच की."

"थांब. तुला कापड करायचंय का त्याच्याबद्दल बोलायचंय?"

"बोलायचंय."

"मग माझ्याकडं काय करतीस? माझ्याकडं धागे मोजायला शिकवतात. माणसाला एकादी गोष्ट का पायजे वाटती ते मानसशास्त्रात हाय. ते घे. जोडीला अर्थशास्त्र घे. आन् मराठी-इंग्रजीचा तास बुडवू नको, तुझी भाकरी तितंच हाय."

"आणि कापड?"

"कापड मी घरी शिकवीन. त्याला वर्ग कशाला लागतोय?"

मी हट्टाला पेटले. बंद झाला वर्ग तर तुमचं काय, असं मी विचारलं. मला वाटतं मी रडतही होते. मॅडम जरा कडक झाल्या. "कीव करून विषय घ्यायचा नसतो अव्वा. दोन वर्सं तू माझ्या तोंडाकडं बघून बसशील आन् मी तुझ्या. तुझ्या कामाचा असता तर मीच तुला वढून आणली असती, तुझ्या बापाचं बी ऐकलं नसतं. न्हाई तुझ्या कामाचा. आता मला मोह पाडू नको, जा." हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. ते ऐकल्यावर मला कळलं की त्या मला जेवढं सांगताहेत तेवढंच स्वतःलाही बजावताहेत.

मी मानसशास्त्र घेतलं. वस्त्रशास्त्राच्या दोघी भूगोलाला गेल्या. जुलैत त्या खोलीत जुने बाक आणि खेळाचं सामान आलं. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. पण मी चुकले असं म्हणणार नाही. तसं म्हटलेलं मॅडमना खपलं नसतं, आणि ते खरंही नाही.

वर्षभर त्यांना ग्रंथालयात बसवलं. संध्याकाळी गच्चीत त्या मला कापड शिकवायच्या. चिंध्यांची पिशवी घेऊन बसायच्या, एकेक चिंधी माझ्या हातात द्यायच्या आणि डोळे मिटायला सांगायच्या. "काय हाय ते सांगू नको. कुणाला आवडंल ते सांग." उन्हाळ्यात रात्रीच्या गाडीला जाणारी आजी, पहिल्या पगाराचा मुलगा, नणंदेला दाखवायला घेणारी वहिनी, अशी आमची कल्पनेतली गिऱ्हाइकं गच्चीत जमायची. मॅडम पोट धरून हसायच्या. मी खाली यायला निघाले की मात्र म्हणायच्या, "बस की अजून. एवढ्यात काय जातीस?" अभ्यासाचं ओझं होतं, मी निघायचीच.

मग संस्थेनं त्यांची आपल्याच मंद्रूपच्या शाळेत बदली केली, पाचवी-सहावीला. निरोप समारंभात त्यांना चादर दिली. मंचावरून उतरताना त्या माझ्या कानात म्हणाल्या, "सोलापुरात चादर दिली की वळखायचं, आता परत बोलवत न्हाईत." रोज येऊन-जाऊन करता आलं असतं, एसटीला तासभरसुद्धा लागत नाही. पण त्यांनी खोली सोडली आणि मंद्रूपलाच राहायला गेल्या. आई म्हणाली, राहा की हितंच, आमी हाव की. मॅडम म्हणाल्या, "तुमी हायसा वो वैनी. पर तुमच्या घरातला दिवा बघत वर बसायचं, त्यापेक्षा नवं गाव बरं." आईला तो बोल फार लागट वाटला. मला तो तेव्हा समजलाच नाही.

पुण्याला फॅशन कम्युनिकेशनच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी माझ्यापुढे कोऱ्या सुती कापडाचा तुकडा टाकला आणि म्हणाल्या, यावर बोला. माझ्या आधीच्या मुलीनं म्हणे कापूस, वीण, इतिहास सगळं सांगितलं होतं. मी डोळे मिटले आणि हे कोण घेईल, का घेईल, घरी जाऊन त्याबद्दल काय खोटं सांगेल, ते बोलत सुटले. प्रवेश मिळाला. मंद्रूपला फोन केला तर मॅडम म्हणाल्या, "झालं की तुझं. बास," आणि लगेच, "कदी येतीस?" मी गेले, पण वर्षातून एकदा, कधी तेही नाही. पुढे नोकरी बंगळूरला लागली. एका कपड्यांच्या कंपनीसाठी मी लिहिते. खोलीवर एकटी जेवते. रस्त्यावर कुणी बाई मुलीला 'अव्वा' म्हणून हाक मारते तेव्हा मी अजून वळून बघते. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा म्हणजे काय, आणि दुसऱ्याच्या घरातला दिवा म्हणजे काय, ते मला इथे समजलं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या त्या कॉलेजातून बोलावणं आलं. त्यांनी फॅशनचा नवा कोर्स सुरू केला होता, भरपूर फी घेऊन, आणि दहावीच्या मुलींना विषय कसे निवडायचे हे सांगायला माजी विद्यार्थिनी म्हणून मी हवी होते. हॉल खचाखच भरला होता. कापड करायचंय की कापडाबद्दल बोलायचंय ते आधी ठरवा, असं मी म्हटलं आणि पुढचंही सगळं मॅडमचंच सांगितलं. एका मुलीनं उठून विचारलं, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी मॅडमचं नाव घेतलं. मंचावरच्या नव्या प्राचार्यांनी 'कोण या?' म्हणून शेजारच्या सरांकडे पाहिलं. त्या सरांनी नकारार्थी मान हलवली.

बाहेर येऊन मी मंद्रूपला फोन लावला. झाडाखाली उभी राहून सगळं सांगितलं, मुलीचा प्रश्नही सांगितला. मान हलवल्याचं तेवढं गाळलं. मॅडमनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "पोरी किती होत्या?"

"हॉल भरला होता मॅडम."

"बसायला जागा मिळाली का सगळ्यांना?"

"नाही. मागे कितीतरी उभ्या होत्या."

"उभ्या होत्या व्हय," त्या म्हणाल्या. मी पुढचं सांगायला लागले. तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं, "ठेवते अव्वा. तव्यावर भाकरी हाय, करपायली."

दुपारचे साडेतीन वाजले होते. एकटीसाठी वेळेवरसुद्धा चूल न पेटवणारी ती बाई, त्या वेळेला कुठली भाकरी करतेय?