नव्व्याण्णव अंश

"पाह्यलं का, की नुसतं लिहून टाकलं?"

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम हे विचारताना एक डोळा बारीक करायच्या. समोरची मुलगी खरं बोलत असली तरी गडबडायची. मीही गडबडायचो, आणि मी तर पर्यवेक्षक होतो.

कोणाचंच सहजी न पटणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. एकदा फ्रीजमधून काढून टेबलावर ठेवलेल्या बाटलीखाली पाणी साचलं. शिपाई म्हणाला, "बाटली गळते." मॅडमनी बाटली पुसली, झाकण घट्ट केलं, उलटी धरली. थेंब पुन्हा आले. "हे पाणी हवेतलं हाये गा भाऊ," त्या म्हणाल्या.

"मंग बाटली कायले भरता? हवाच प्या ना!"

त्यावर सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या.

त्यांच्या वर्गात पाणी नव्व्याण्णव अंशांना उकळायचं. पुस्तकात शंभर. "पुस्तक समुद्रकाठचं हाये," त्या मुलींना सांगायच्या. "आपलं नागपूर जरा उंचावर. इथं हवेचा दाब कमी. मंग पाणी थोडं आधीच उकळन ना वं?"

मुलींना पटायचं. मला ते उत्तर जरा जास्तच सोयीचं वाटायचं. मी गणिताचा माणूस. थर्मामीटर जुनं आहे आणि ते झाकायला मॅडम समुद्र काढतात, असा माझा संशय होता. तो मी कधी बोललो नाही. न बोललेला संशय आत मुरत जातो.

त्या कंत्राटावर होत्या. त्या वर्षी संस्थेची माणसं वर्गात बसून त्यांना कायम करायचं का, ते ठरवणार होती. त्यांच्यासमोर नव्व्याण्णव आलं तर? आदल्या दिवशी मी बर्डीच्या बाजारात जाऊन नवं थर्मामीटर आणलं आणि कोणाला न सांगता जुन्याच्या जागी ठेवून दिलं. मी त्यांचं भलं करतो आहे, अशीच माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी पाणी उकळलं. एक मुलगी वाकून म्हणाली, "नव्व्याण्णव."

संस्थेचे अध्यक्ष हसले. "मॅडम, तुमचं थर्मामीटर बिघडलं हाये."

मी उठलो. "नाही साहेब. हे नवंच आहे, मी काल आणलं. म्हणजे मॅडमचं जुनंही बरोबर होतं."

मला वाटलं, मी त्यांची बाजू मांडली. अध्यक्षांनी चष्मा काढला. "पण तुम्ही काहून आणलं? म्हणजे तुमचाही भरोसा नव्हता मॅडमवर?"

मी 'नव्हता' म्हणालो नाही. 'होता' असंही माझ्या तोंडून निघालं नाही. मॅडमनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर टोपण ठेवलं.

त्यांची नेमणूक पुढे झाली नाही. पर्यवेक्षकालाच खात्री नसेल तर आम्ही कशी धरायची, असं अध्यक्ष म्हणाल्याचं कानावर आलं.

शेवटच्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो. त्या कपाट आवरत होत्या. मी कशीबशी सुरुवात केली, "मॅडम, मला फक्त..."

"शंका आली त्याचं काही नाही सर," त्या म्हणाल्या. "मलेही रोज येते. पण शंका आली तर माणूस येऊन पाहते. तुम्ही एकदाही पाह्यले आले नाही."

प्रयोगशाळा माझ्या खोलीच्या शेजारीच होती.

आता त्यांच्या जागी आलेले सर फार व्यवस्थित आहेत. त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परवा जाता जाता मी दारात थांबलो. फळ्यावर 'शंभर' लिहिलेलं होतं. मुली माना खाली घालून ते उतरवून घेत होत्या. टेबलावर चंचुपात्रात पाणी होतं, आणि त्याखालचा दिवा अजून पेटवायचा होता.