बेरिल टॅपसेलचं खोपटं

बेरिल टॅपसेल एक्क्याऐंशी वर्षांची होती आणि कुणाचं ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. सदतीस वर्षं तिनं हॅल्बर्ट लॉक गावातल्या बंदूक कारखान्यात रायफलीच्या नळ्या तपासल्या. तिनं नापास केलेली नळी खुद्द कर्नलसाहेबालाही पास करून घेता आली नाही. पुढे कारखाना बंद पडला, लष्कर गेलं, नदीकाठी बगळे आले, आणि नगरपालिकेला एकाएकी त्या जागेचं प्रेम उफाळून आलं. कालवा, पूल, कामगारांची घरं, सगळं म्हणे 'जतन क्षेत्र'. म्हणजे दाराचा रंग बदलायचा तरी अर्ज करा.

जतनवाला अधिकारी लडलो, पोरसवदा आणि भारी सभ्य, नोटीस घेऊन आला.

"मिसेस टॅपसेल, घर मूळचं आहे. पण परसातलं हे खोपटं मागाहूनचं, कारखान्याचं नाही. शुक्रवारपर्यंत पाडावं लागेल."

ते खोपटं तिच्या नवऱ्यानं, स्टॅननं बांधलेलं. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, पण अजून त्याच्याशी दोन शब्द बोलायचे तर ती तिथंच जाऊन बसायची. पाडा म्हणे! वाचवायची वाट एकच होती, आणि त्या वाटेत स्टॅनची अब्रू जात होती. चाळीस वर्षं चर्चमध्ये दानाची थाळी फिरवलेला माणूस तो.

तिनं चमचा घेतला आणि भिंतीवरचा रंग खरवडला. खाली बाणाचा शिक्का निघाला, सरकारी मालावर मारतात तो.

"काडतुसांच्या पेट्यांच्या फळ्या आहेत, बाळा. दर शनिवारी एक, कोटाच्या आतून, अकरा वर्षं. नवरा माझा चोर होता, घे लिहून. आता सांग, हे कारखान्याचं आहे की नाही?"

लडलोचे डोळे चमकले. तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या एनिडनं डोकं काढलं.

"काहीतरी बरळू नकोस, बेरिल. कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला माझे वडील होते. त्यांच्या नजरेखालून टाचणी बाहेर गेली नाही कधी."

"फळी गेली ना पण."

"तुमच्याकडेही येतोच आहे," लडलो एनिडला नम्रपणे म्हणाला. "तुमचं खोपटंही यादीत आहे."

एनिडचं तोंड एवढंसं झालं. तिनं आपल्या खोपटाकडे एकदा पाहिलं. मग पुटपुटली, "आमचंही खरवडा."

खरवडलं. बाणच बाण.

"दर तीन फळ्यांमागे एक बाबांची," एनिड म्हणाली. "स्टॅनच आणून द्यायचा, मागच्या दारानं."

दोन्ही खोपटी वाचली. लडलो भराभरा वही भरत होता. बेरिल मात्र रागानं लालबुंद झाली. अकरा वर्षं दर शनिवारी ती जीव मुठीत धरून खिडकीत उभी राहायची, आज पकडतात की काय म्हणून. आणि हा स्टॅन पहारेकऱ्याला वाटा देऊन शिट्टी वाजवत घरी येत होता.

"मेल्या, निदान मला तरी सांगायचंस," ती फळ्यांना म्हणाली.

लडलोनं पेन थांबवलं. "हेही लिहू का?"

"नको," बेरिल म्हणाली. "हे घरातलं आहे."